उपचारासाठी पाच आठवडे रजा हवी आहे : ऑफिसात किती आणि कुणाला सांगायचं?

गौरी_चिंचवड

नमस्कार. मी इथे बागकामाचे आणि पाककृतींचे धागे वाचते, क्वचित एखादा प्रतिसाद देते. आज पहिल्यांदाच धागा काढते आहे, कारण हा विषय ज्यांच्याशी बोलता येईल अशी माणसं घरात उरलेली नाहीत.

माझा नवरा दारू सोडण्यासाठी दाखल व्हायला तयार झाला आहे. स्वतःहून. आम्ही दोघांनी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची माहिती घेतली, तिथे ३५ दिवस राहावं लागतं. साधारण पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जायचं ठरवतोय. घोडं अडलंय ते नोकरीपाशी.

तो चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पर्मनंट आहे. पगार ईएसआयच्या (सरकारी कामगार विम्याच्या) मर्यादेच्या वर. पिऊन कामावर कधी गेला नाही, पण सोमवारच्या दांड्या आणि उशिरा पोचणं वर्षभर चालू आहे. साहेबांनी एकदा तोंडी समजही दिली आहे. सिक लीव्ह संपल्या, पीएल (साठलेली पगारी रजा) वीस-बावीस असतील.

दीर म्हणतात कावीळ सांगा, सर्टिफिकेट मी आणून देतो. सासूबाई म्हणतात, आई आजारी आहे म्हणून गावी जातोय असं सांगू दे. आणि नवरा म्हणतो, कुणासमोर मान खाली घालण्यापेक्षा राजीनामाच टाकतो, आल्यावर दुसरी बघीन. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी आठवीत आहे.

मला यातलं काहीच पटत नाही. पण खरं सांगायचं म्हणजे किती, आणि कुणाला? साहेबांना, एचआरला, की दोघांनाही? जे यातून गेले आहेत किंवा ज्यांनी अशा रजा मंजूर केल्या आहेत त्यांनी कृपया लिहा.

---

शॉपफ्लोअर

गौरीताई, राजीनामा अजिबात नको. आधी ते डोक्यातून काढायला सांगा. उपचार घेऊन बाहेर आलेल्या माणसाला रोज सकाळी उठून जायला एक ठिकाण लागतं. पहिले दोन महिने घरी बसून नोकरी शोधायची म्हणजे दिवसभर मोकळा वेळ, हातात पैसे नाहीत आणि वर घरच्यांच्या नजरा.

मी सुपरवायझर आहे. सविस्तर रात्री लिहितो, आता सेकंड शिफ्टला निघालोय.

---

एकटा_पथिक

माझं मत वेगळं आहे आणि ते कुणाला आवडणार नाही. सांगू नका. पुस्तकात सगळं छान असतं, पण चाकण, तळेगाव, रांजणगावचे एचआरवाले एकमेकांना ओळखतात. उद्या नोकरी बदलायची म्हटली की एक फोन जातो आणि तिकडून एक वाक्य येतं. माझ्या मावसभावाच्या बाबतीत असंच झालं. त्याने खरं सांगितलं, रजाही मिळाली, आणि नंतर तीन वर्षं प्रत्येक चुकीला "परत सुरू झालं वाटतं" हे ऐकत राहिला.

"वैयक्तिक कारण" लिहायचं, पीएल टाकायची, उरलेली बिनपगारी. कारण द्यायला आपण बांधील नाही.

---

रानवारा

मी नाशिकला एमआयडीसीत एचआरमध्ये आहे, बरीच वर्षं. अशा रजा मंजूर केल्या आहेत, नामंजूर होतानाही पाहिल्या आहेत. थोडं लांबेल.

पथिक यांनी लिहिलंय ते खोटं नाही. एचआरच्या माणसांत बोलणं होतं, होऊ नये तरी होतं. पण "वैयक्तिक कारण" म्हणून पाच आठवडे कारखान्यात मिळत नाहीत. आठवडा मिळेल, लग्नकार्य असेल तर दहा दिवस. त्यापुढे साहेब विचारणारच, आणि तेव्हा तोंडाला येईल ते सांगावं लागतं. तयारी न करता सांगितलेलं खोटं दुसऱ्याच दिवशी उघडं पडतं.

आता कावीळ. कावीळ झाली असं कळलं की विभागातले चार जण शहाळी घेऊन घरी येतील. येतातच, चांगल्या मनाने येतात. तेव्हा वहिनी, तुम्ही दारात काय सांगणार? शिवाय महिन्याच्या वर वैद्यकीय रजा गेली की बऱ्याच कंपन्या रिपोर्ट मागतात. बिलिरुबिन किती होतं, कुठे दाखल होता, डिस्चार्ज कार्ड कुठे आहे. दीर सर्टिफिकेट आणून देतील, पण ते खोटं निघालं तर प्रकरण दारूचं राहत नाही, फसवणुकीचं होतं. दारूच्या उपचाराला जाणाऱ्या माणसाच्या बाजूने मी व्यवस्थापनाशी भांडू शकते. खोटा दाखला दिलेल्या माणसासाठी माझ्या हातात काही उरत नाही.

आणि न सांगता गैरहजर राहणं तर सगळ्यात वाईट. बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत रजेशिवाय सलग दहा दिवसांहून जास्त गैरहजेरी हे गैरवर्तन धरलेलं असतं. घरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र येतं, मग चौकशी. माणूस केंद्रात, पत्र घरी, उत्तर द्यायला कुणी नाही. या वाटेने नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक वाचवता आल्या असत्या.

मग सांगायचं किती? ऑफिसला खरोखर चार गोष्टी लागतात : कधीपासून, किती दिवस, मागे डॉक्टर आहे का, आणि त्याचं काम कोण बघणार. किती वर्षं पितो, किती पितो, घरात काय काय झालं, यातलं काहीही ऑफिसला लागत नाही. सांगणाऱ्या माणसाला मात्र वाटतं की सगळं ओकून टाकलं की समोरचा समजून घेईल. समोरचा घाबरतो.

अर्जात आजाराचं नाव लिहू नका. तोंडी, एकाच माणसाला, खरं सांगा. साहेबांनी तोंडी समज दिली होती ना? म्हणजे त्यांना अंदाज आहे. तोंडी समज देऊन थांबलेला साहेब सहसा वाईट नसतो, वाईट असता तर मेमो हातात दिला असता. म्हणून आधी त्यांना, मग त्याच दिवशी एचआरला अर्ज. त्याने स्वतः जायचं, तुम्ही नाही. सोमवारी नको. सकाळी, रोजच्यापेक्षा पंधरा मिनिटं आधी पोचून.

अर्जाचा मसुदा देते, हवा तसा बदला :

"महोदय,
वैद्यकीय सल्ल्यानुसार मला दि. ___ ते दि. ___ असे ३५ दिवस दाखल राहून उपचार घ्यायचे आहेत. या काळासाठी माझी शिल्लक पीएल धरावी व उरलेल्या दिवसांची बिनपगारी रजा मंजूर करावी, ही विनंती. उपचारांच्या काळात मी फोनवर उपलब्ध राहू शकणार नाही. तातडीच्या निरोपासाठी माझ्या पत्नीचा क्रमांक खाली देत आहे. माझ्याकडील कामांची यादी सोबत जोडली आहे. उपचार पूर्ण होताच डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला घेऊन मी कामावर हजर होईन."

कामांच्या यादीला हलकं समजू नका. क्वालिटीचा माणूस आहे, म्हणजे कॅलिब्रेशनला कोणती गेज कधी जायची आहेत, कस्टमर कंप्लेंटचे कोणते मुद्दे उघडे आहेत, ऑडिट कधी आहे, हे सगळं एका कागदावर आलं पाहिजे. ती यादी वाचून साहेबांना कळतं की हा माणूस पळून जात नाही, जाऊन परत यायच्या तयारीने निघालाय.

अर्ज ईमेलने पाठवा आणि एका प्रतीवर पोच घ्या.

---

सायली_एमडी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. रजेबद्दल वर चांगलं आलंय. मला आधी दुसऱ्या गोष्टीचं लिहायचं आहे, कारण ते जास्त तातडीचं आहे.

दाखल व्हायला अजून दिवस आहेत. या मधल्या काळात "आता जातोच आहे तर आजपासूनच बंद" असं मनाने करू नका. रोज जास्त पिणाऱ्याने एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, आणि काहींना पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो : भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. हा जिवावरचा प्रसंग आहे. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं चालू करून. आजच जवळच्या मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. ऑफिससाठी लागणारा कागदही तिथेच मिळेल.

दाखल्याबद्दल : आम्ही "दाखल राहून उपचारांची गरज आहे, अंदाजे कालावधी इतका" असा दाखला देऊ शकतो. निदान लिहू नका असं पेशंट म्हणाला तर मी लिहीत नाही. तुमच्या मिस्टरांनी डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावं, नाहीतर सवयीने लिहिलं जातं. लेटरहेडवर "व्यसनमुक्ती" किंवा "मानसोपचार" छापलेलं असतंच, तेवढं गृहीत धरून चला.

आणखी एक. दारू सुटावी म्हणून न सांगता भाजी-आमटीत गोळ्या मिसळणारी घरं मला दर महिन्याला भेटतात. त्यातलं डायसल्फिरम हे औषध घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर त्याच्या रक्तदाबावर आणि हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतो. ते औषध फक्त त्याच्या संमतीने. तुम्ही करताय असं म्हणत नाही, पण हा धागा अनेक जण वाचतील.

---

गौरी_चिंचवड

सायलीताई, बरं झालं लिहिलंत. त्याने परवापासून बंद करतो म्हणून ठरवलंच होतं. उद्या संध्याकाळची वेळ घेतली आहे.

रानवारा, मसुदा त्याला वाचून दाखवला. काही बोलला नाही, पण फोन मागून घेऊन स्वतः परत वाचला.

---

कोर्टकचेरी

कामगार न्यायालयात काम करतो. कायद्याचं थोडक्यात.

व्यसनाच्या उपचारासाठी म्हणून वेगळी हक्काची रजा आपल्याकडे नाही. कारखान्यात वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा, तीच वापरायची. दुकानं-आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातही हेच प्रमाण आहे, वर ८ किरकोळ रजा, आणि पगारी रजा साठवता येते ४५ दिवसांपर्यंत. ज्यांनी साठवली असेल त्यांचे ३५ दिवस पगारीत बसतात. त्यापलीकडची बिनपगारी रजा कंपनीच्या मर्जीवर, आणि म्हणूनच वर म्हटलं तसं आधी बोलणं महत्त्वाचं.

पण एक कायदा माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्टपणे घेतल्या आहेत. म्हणजे हा आजार आहे हे आता कायदाच म्हणतो. कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर आणि केंद्रावर बंधनकारक आहे. कंपनीतून कुणी केंद्रात फोन करून "आमचा माणूस कशासाठी दाखल आहे" विचारलं तर त्यांनी सांगता कामा नये. मात्र लक्षात घ्या, हे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. तुम्ही स्वतः साहेबांना सांगितलंत, तर साहेबांच्या तोंडाला हे कलम कुलूप लावत नाही. म्हणून एकाच माणसाला सांगा, हा रानवारा यांचा सल्ला कायद्यानेही बरोबर ठरतो.

मेडिक्लेम : याच कायद्याच्या कलम २१(४) मध्ये मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्या असं आहे. तरी बहुतेक पॉलिसींत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरचा उपचार वगळलेला असतो, कोड १२ खाली छापलेलं सापडेल. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून क्लेम करायचा विचार असेल तर आधी पॉलिसीचा कागद वाचा. क्लेम टाकला की निदान कागदावर येतं आणि तो कागद एचआरमार्गे फिरतो.

---

तापीकाठ

सरकारी नोकरीतल्यांसाठी लिहिते, कारण आमच्याकडे चित्र बरंच वेगळं आहे. मी जिल्हा परिषदेत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारावर घेता येते, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. अर्जित रजा वेगळीच. म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांना ३५ दिवस रजेचा प्रश्न नसतो, हजर होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो एवढंच.

तरी लोक जात नाहीत. माझ्या भावजींना रजा खात्यात पडून होती. अडचण एकच, अर्ज ज्या टेबलावरून जाणार त्या टेबलावर शेजारच्या आळीतला माणूस होता. शेवटी वहिनींनी त्यांना तालुक्याऐवजी थेट जिल्ह्याच्या साहेबांना भेटायला लावलं. त्यांनी अर्ज बंद पाकिटात घेतला. काम झालं. वरिष्ठ माणूस पाकीट बंद ठेवतो की नाही हे आधी दुसऱ्या एखाद्या कामावरून पारखून घ्यावं, एवढंच सांगेन.

---

वीजवाला

मी बोलायला हवं, कारण मी त्या बाजूचा आहे. लाइनवरचं काम, खांबावर चढायचं. दहा-अकरा वर्षं झाली, सुटलेली आहे. मीही ३५ दिवस राहून आलो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली पुलं आणि सुनीताबाईंच्या मदतीने जे मुक्तांगण उभं केलं, त्याच्या सावलीतून बाहेर आलेल्या हजारोंपैकी मी एक.

सगळे जाण्याबद्दल बोलताहेत, मी परत येण्याबद्दल बोलतो. रजा मिळणं सोपं आहे. परत कामावर पहिल्या दिवशी गेटातून आत जाणं अवघड आहे.

मी कामावर एकाच माणसाला सांगितलं होतं, माझ्या इंजिनीयर साहेबांना. बाकीच्यांना "उपचाराला गेला होता" एवढंच माहीत. पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळे गोळा झाले. कुणी म्हणालं बारीक झालास, कुणी म्हणालं रंग उजळला. आणि मग एक जण म्हणाला, बरा झालास ना, मग आज संध्याकाळी बसू. वाईट हेतूने नाही म्हणाला, त्याची आनंद साजरा करायची रीतच ती. अशा वेळेला काय बोलायचं याचं वाक्य आधीच तयार लागतं. माझं वाक्य होतं, "डॉक्टरांनी कायमची बंद केली आहे." बस. त्यात उपदेश नाही, लाज नाही, आणि वाद घालायला जागा नाही. गौरीताई, त्याचं वाक्य त्यालाच ठरवू द्या, पण दाखल व्हायच्या आधी नको. तिथे समुपदेशक यावर काम करून घेतात.

पगाराचा दिवस हा दुसरा. सुरुवातीचे सहा महिने पगार बायकोच्या खात्यात जायचा, माझ्याच सांगण्यावरून. तिसरं म्हणजे पार्ट्या. आमच्याकडे बदली, बढती, निवृत्ती, सगळ्याला बसणं. मी जेवायच्या वेळेला पोचायचो आणि जेवून निघायचो. साहेबांना माहीत होतं म्हणून ते स्वतःच म्हणायचे, "तू नीघ." एका माणसाला खरं सांगून ठेवलं होतं त्याचा उपयोग मला रजेपेक्षा इथे जास्त झाला. म्हणून पथिक, तुमच्या मावसभावाला जे ऐकावं लागलं ते वाईटच, पण कुणालाच माहीत नसतं तर "तू नीघ" म्हणणाराही कुणी नसता.

---

एकटा_पथिक

वीजवाला, हे पटलं. मावसभावाच्या ऑफिसात त्याने एकाला नाही, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं. फरक तिथे पडला असेल. "सांगू नका" ऐवजी "सगळ्यांना सांगू नका" असं म्हणतो.

---

शॉपफ्लोअर

माझं राहिलं होतं. सुपरवायझर म्हणून सांगतो, मला कुणी येऊन "साहेब, उपचाराला जायचंय" म्हटलं तर माझ्या मनात पहिला विचार माणुसकीचा येत नाही, शिफ्टचा येतो. कोण उभा करू मशीनवर? त्यामुळे माझा चेहरा पडलेला दिसेल. तो चेहरा बघून माणसाने मागे फिरू नये. दोन तास द्या, चार्ट जुळवला की मीही माणसासारखा बोलतो.

आणि "तिथून लॅपटॉपवर थोडं बघीन" असं मिस्टरांनी साहेबांना चुकूनही कबूल करू नये. मोबाइल तिथे सहसा जवळ ठेवू देत नाहीत, आणि देऊही नये.

---

इंद्रधनू_८१

कॉन्ट्रॅक्टवर असलेल्यांचं काय? माझा भाऊ ठेकेदाराकडे आहे, पगार १७ हजार. पाच आठवडे गेला तर जागा जाईल. आणि त्याचं दारूचं नाही, पावडरचं आहे. पोलिसांची भीती वाटते ती वेगळी.

---

कोर्टकचेरी

@इंद्रधनू, पगार २१ हजारांच्या आत आहे म्हणजे ईएसआय कापला जात असला पाहिजे. पगाराची स्लिप बघा. वर्गणीच्या सहा महिन्यांत ७८ दिवस भरले असतील तर आजारपणाच्या काळात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी रजेचा दाखला ईएसआयच्या दवाखान्यातून घ्यावा लागतो, म्हणून दाखल होण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांना भेटा. ठेकेदार कापून घेतो आणि भरत नाही असंही होतं, ते आधी तपासा.

पोलिसांचं : अमली पदार्थविरोधी कायद्यात, १९८५ च्या, कलम ६४-अ आहे. स्वतः सेवन केल्याच्या किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याच्या आरोपाखाली असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. विकणाऱ्याला हे लागू नाही. केंद्रात नाव घातलं म्हणून पोलीस घरी येतात, ही भीती मनातून काढा.

---

सायली_एमडी

@इंद्रधनू, दाखल होणं शक्यच नसेल तर थांबू नका. ओपीडीतूनही उपचार होतात. ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य पदार्थांसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांवर माणूस कामाला जात जात सावरू शकतो, ती सोय अनेक सरकारी ठिकाणी आहे. फक्त "पावडर" म्हणजे नेमकं काय ते कळायला हवं, एमडी (मेफेड्रोन) असेल तर उपचार वेगळा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत. जवळचं केंद्र विचारा.

२०१९ ला एम्सने केलेली देशव्यापी पाहणी आली, त्यात दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं होतं, आणि दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मध्ये एक. या धाग्यावर रजेच्या अर्जाची चर्चा चाललीये, म्हणजे आपण त्या एकाबद्दल बोलतोय. उरलेल्यांपर्यंत पोचायचं तर ओपीडीशिवाय मार्ग नाही.

---

रारिटनकाठ

न्यू जर्सीतून. इथे असलेल्या आपल्या लोकांसाठी, कारण एच-वन-बीवरच्या (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावरच्या) एका मित्रासाठी हे सगळं मी नुकतंच शोधलं. व्हिसा जाईल या भीतीने तो दोन वर्षं गेला नव्हता.

१९९३ चा एफएमएलए कायदा व्यसनाच्या उपचारालाही लागू होतो. वर्षाला १२ आठवडे बिनपगारी, नोकरी राखून. अटी : ७५ मैलांच्या आत कंपनीचे ५० कर्मचारी, तुमची १२ महिने नोकरी आणि त्यात १,२५० तास काम. उपचारासाठीची गैरहजेरी यात धरली जाते, नशेमुळे झालेली धरली जात नाही. म्हणून उपचाराची तारीख ठरवून मग सांगा. आणि तुमच्या थेट मॅनेजरला तुमच्या डॉक्टरांना फोन करण्याची परवानगी नाही, कागद एचआरकडे जातो. स्वतः मागून घेतलेल्या अशा रजेत कंपनीने पगार दिला नाही म्हणून एच-वन-बीच्या नियमांचा भंग होत नाही. नेमकं तुमच्या बाबतीत वकिलाला विचारा, पण घाबरून घरी बसू नका.

---

गौरी_चिंचवड

काय झालं ते सांगते.

मंगळवारी डॉक्टरांना दाखवलं. औषधं सुरू झाली, दाखला मिळाला, निदान न लिहिता. बुधवारी तो लवकर गेला. साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "कस्टमर ऑडिटच्या आधी येशील?" ऑडिट ३५ दिवस संपायच्या दोन दिवस आधी आहे. त्याने शांतपणे नाही म्हटलं, आणि यादीचा कागद पुढे ठेवला. शॉपफ्लोअर, चेहरा पडला होताच, पण तुम्ही लिहिलेलं वाचून गेला होता म्हणून थांबला. दुपारी साहेबांनी परत बोलावलं आणि म्हणाले, जा, ऑडिट मी बघतो, पण परत आल्यावर सोमवार चुकवायचा नाही.

एचआरने मात्र केंद्राचं नाव लिहून मागितलं. आम्हाला वाटलं होतं दाखला पुरेल. त्याने विचार करून दिलं. मंजुरीचं पत्र आलं आहे. शिफ्ट इनचार्जला कुठूनतरी कळलंय, त्याने सरळ विचारलं आणि याने सरळ हो म्हटलं. मला ऐकून भीती वाटली, पण तो म्हणाला की लपवायचं ओझं नको होतं.

दिरांना कळवलं की सर्टिफिकेट लागणार नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, परत आल्यावर फॉलोअपला आठवड्याला एक दिवस जायला सांगतात म्हणे, त्यासाठी पुन्हा तोंड उघडायचं का? दुसरी, या महिन्याचा आणि पुढच्या महिन्याचा पगार किती येईल याचा काही अंदाज बसत नाहीये.

---

वीजवाला

फॉलोअपचं आत्ताच सांगून टाका. परत आल्यावर दर वेळी नव्याने तोंड वेंगाडायला नको. मी साहेबांना आधीच विचारलं होतं की सुरुवातीचे काही महिने ठरावीक वारी दोन तास उशिरा आलो तर चालेल का, आणि ते तास संध्याकाळी भरून द्यायचो. दारू सोडणाऱ्यांच्या एए गटाच्या मीटिंगा संध्याकाळी असतात, त्यांना रजा लागत नाही, फक्त सेकंड शिफ्ट नसली पाहिजे. नाइट शिफ्टही पहिले दोन-तीन महिने टाळता आली तर बघा. झोप बिघडली की मन बिघडतं.

आणि ताई, तुम्हीही अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जा. ती घरच्यांची असते. माझी बायको गेली, म्हणून घर टिकलं.

---

रानवारा

फॉलोअपसाठी मंजुरीच्या पत्राला उत्तर म्हणून दोन ओळींची ईमेल टाका : "डॉक्टरांनी पुढील काही महिने आठवड्यातून एकदा तपासणी सांगितली आहे, त्या दिवशी उशिरा येण्याची मुभा मिळावी." शिफ्टचं डॉक्टरांकडून लिहून आणलं तर साहेबांनाही चार्ट बदलायला आधार मिळतो.

पगाराचं : तुमच्या कंपनीत हजेरी कोणत्या तारखेला बंद होते ते विचारा. बऱ्याच ठिकाणी २५ ला होते. तशी असेल तर पीएलचे बहुतेक दिवस पहिल्या महिन्यात जातील आणि बिनपगारी दिवसांची कात्री मुख्यतः दुसऱ्या महिन्याच्या पगाराला लागेल. म्हणजे तो घरी आल्यावर पहिला जो पगार हातात येईल तो कमी असेल. त्याला हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर घरी आल्या आल्या तो आकडा बघून खचेल. घराचा हप्ता ज्या तारखेला खात्यातून वळता होतो त्याच्या आधी तेवढी रक्कम खात्यात ठेवा. बिनपगारी दिवसांवर पीएफही कमी कापला जाईल, ते नियमाने आहे, घाबरू नका. बोनससाठी वर्षात किती दिवस भरले ते बघतात, त्याचा हिशोब एचआरकडून लेखी घ्या.